विदर्भातील खेड्यांत किशोरवयीन मुलांना इतिहासाची पुस्तके कशी सुचवावीत

इतिहासाची चांगली पुस्तके कोणती, असे कोणी विचारले की आपण सवयीने वीस-पंचवीस नावांची यादी सांगून मोकळे होतो. त्या यादीतले पहिले पुस्तक बहुधा सात-आठशे पानांचे असते, गावच्या वाचनालयात ते नसते, आणि असले तरी आठवी-नववीतल्या मुलाचा त्यात पन्नासाव्या पानापर्यंत निभाव लागत नाही. मग ‘आजकालची पोरे वाचतच नाहीत’ असे म्हणायला सगळे तयार असतात. पुढील मजकूर शिक्षक, वाचनालय सांभाळणारे आणि घरातली वाचनाची आवड असलेली वडीलधारी मंडळी यांच्यासाठी लिहिला आहे. त्यात मुख्य आग्रह एवढाच आहे, की मुलाला पायी, सायकलने किंवा एसटीने गाठता येईल अशा जागेपासून इतिहासाची सुरुवात करावी, आणि तिथून त्याला हळूहळू स्वतःच्या गावाच्या, जातीच्या आणि काळाच्या बाहेर न्यावे.

पुस्तक काढून देण्याआधी मुलाशी दहा मिनिटे बोलावे. ‘तुला काय वाचायला आवडते?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर ‘काहीही’ असेच येते. त्याऐवजी शाळेच्या सहलीत कोणता किल्ला पाहिला, टीव्हीवरची कोणती ऐतिहासिक मालिका अर्ध्यावर सोडली आणि का सोडली, आजोबा कोणत्या दुष्काळाची किंवा पुराची गोष्ट सांगतात, असे विचारावे. त्यानंतर कोणत्याही पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायला लावावे. हे अपमानास्पद वाटणार नाही अशा रीतीने, आपणही एक पान वाचून, करावे. कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी कित्येक मुले हुशार असूनही मराठीची ओळ अडखळत वाचतात. मेळघाटात घरी कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी पुस्तकी मराठी ही शाळेतच शिकलेली भाषा असते. अशा मुलाला वयापेक्षा लहानांचे पुस्तक दिले तर ते दुखावते, म्हणून विषय मोठ्यांचा आणि वाक्ये छोटी असलेले पुस्तक शोधावे लागते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकात असे साहित्य मिळते. ‘किशोर’ 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. चित्रकथांनाही नाक मुरडू नये.

हंगामाचाही विचार करावा. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) होईपर्यंत पश्चिम विदर्भातील बरीच मुले सुटीच्या दिवशी शेतात असतात, आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धानाच्या रोवणीला व कापणीला तेच होते. त्या दिवसांत तुटक वाचता येतील अशी छोट्या प्रकरणांची पुस्तके द्यावीत. जाड पुस्तक उन्हाळ्यासाठी राखून ठेवावे. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास, उघडतात, आणि पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना दुपारी घराबाहेर पडण्याची सोयच नसते. गोंदिया-गडचिरोलीकडे मात्र मे महिन्यात तेंदूपाने तोडायला घरचे सगळे जातात, त्यामुळे तिथे हा हिशेब थोडा बदलतो.

आता जागेकडे वळू. पाठ्यपुस्तकातला इतिहास आपल्याकडच्या मुलांना दूरचा वाटतो, कारण त्यातले रायगड, पुणे, दिल्ली आणि प्लासी यांपैकी काहीच त्यांनी पाहिलेले नसते. पण त्यांच्या पायाखाली काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेही नसते. रामटेकजवळचे नगरधन घ्या. वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे अभ्यासक मानतात, आणि तिथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. ही राणी गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि पती रुद्रसेनाच्या मृत्यूनंतर लहान मुलांच्या वतीने तिने राज्यकारभार चालवला. नववीतल्या मुलीला हे एवढे सांगून नंतर वाकाटकांवरचे एखादे लहान पुस्तक दिले, तर ती ते प्रश्न घेऊन वाचते. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या ताम्रपटांवर केलेले मूळ काम अभ्यासकांसाठी आहे, ते मुलाच्या हाती देऊ नये. ते सुचवणाऱ्याने स्वतः चाळावे. यादव माधव काळे यांच्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ या जुन्या ग्रंथाबद्दलही हेच म्हणेन. आपल्या तालुक्याचे नाव त्यात कुठे येते ते शोधून तेवढीच दोन पाने मुलाला वाचून दाखवावीत. भाषा जुनी असली तरी ओळखीचे गाव दिसले की कान टवकारले जातात.

अकोला जिल्ह्यातल्या आडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी इंग्रज आणि मराठे यांची लढाई झाली, आणि 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड इंग्रजांनी घेतला. दोन्ही ठिकाणी इंग्रज सैन्याचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. मेळघाटच्या पायथ्याचा मुलगा या एका माणसाच्या मागे लागून युरोपच्या इतिहासापर्यंत पोहोचू शकतो. त्याला आधी नेपोलियनचे चरित्र दिले असते, तर बहुधा तो पोहोचला नसता. हीच युक्ती चिमूरच्या, आष्टीच्या, सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत चालते. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूर आणि आष्टीत इंग्रज राजवटीविरुद्ध जो उठाव झाला तो माहीत असलेली माणसे घराघरांत होती आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही त्याबद्दल सांगतात. 1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले आणि त्या गावाचे सेवाग्राम झाले. बेचाळीसच्या चळवळीवरचे पुस्तक देताना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या अटकेचा धागाही जोडून द्यावा, कारण त्यांची भजने मुलांनी ऐकलेली असतात, पण ती गाणारा माणूस इंग्रजांना धोकादायक वाटला होता हे बहुतेकांना ठाऊक नसते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सुरुवात बाबूराव शेडमाके यांच्यापासून करावी. 1858 मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला त्यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सत्तावनचा इतिहास झाशी आणि मेरठ यांच्यापुरता नव्हता, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इथे एक धोका आहे. जवळचा इतिहास सहज अभिमानाचा होतो आणि अभिमान वाढला की वाचन थांबते. त्यावर उपाय म्हणून नागपूरकर भोसल्यांचा विषय मला फार उपयोगी वाटतो. रघूजी भोसल्यांच्या फौजा 1740 च्या दशकात बंगालपर्यंत गेल्या, त्यांचा सेनानी भास्करराम 1744 मध्ये तिथे दग्याने मारला गेला, आणि 1751 च्या तहाने ओरिसा भोसल्यांकडे आला. आपल्याकडच्या पुस्तकांत हा पराक्रमाचा अध्याय असतो. बंगालमध्ये मात्र याच घोडेस्वारांची भीती घालून आया मुलांना झोपवत आणि ती अंगाईगीते तिकडे अजून माहीत आहेत. दहावीच्या मुलाला या दोन्ही बाजू एकत्र सांगून ‘दोन्ही खरे कसे असू शकते?’ एवढेच विचारावे आणि उत्तर देऊ नये. त्यानंतर तो मराठ्यांवरचे कोणतेही पुस्तक थोडे सावधपणे उघडतो.

वऱ्हाडातल्या मुलांसाठी आणखी एक दार आहे, ते म्हणजे पऱ्हाटी, कापसाचे झाड. निजामाने 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाचे भाव चढले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. 1877 च्या पहिल्या दिवशी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. बाजार समितीत भाव का पडला यावर घरात रोज चर्चा ऐकणाऱ्या मुलाला हा इतिहास कोणी समजावून सांगावा लागत नाही. याच धाग्यावर वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ द्यावे. गुलामगिरीत जन्मलेला एक मुलगा शास्त्रज्ञ होतो आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग घ्या म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागतो, ही गोष्ट आहे अमेरिकेच्या दक्षिणेतली, पण ती यवतमाळच्या बांधावर बसून वाचणाऱ्याला परकी वाटत नाही. आठवीपासून पुढे कोणालाही देण्याजोगे एकच पुस्तक निवडायला सांगितले तर मी हे निवडीन.

ऐतिहासिक कादंबऱ्यांवरून शिक्षकांमध्ये नेहमी वाद होतो. कादंबरी हा इतिहास नव्हे म्हणून ती देऊच नये, असे काहींचे मत असते, आणि कादंबरीखेरीज मुले दुसरे वाचणारच नाहीत, असे इतरांचे. माझ्या मते कादंबरी जरूर द्यावी, पण ती एकटी देऊ नये. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ किंवा विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ वाचून मुलगा भारावलेला असतानाच, यातला कोणता संवाद लेखकाला ठाऊक असणे शक्य नव्हते, असे त्याला विचारावे. बंद दालनात दोन माणसे बोलली आणि तिसरे कोणी नव्हते, तर ते शब्द लेखकाकडे आले कुठून? एवढा प्रश्न मनात रुजला की काम झाले. मोठ्या मुलांना देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली प्रस्तावना स्वतंत्रपणे वाचायला द्यावी. शिवाजी महाराजांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने कसे पाहावे आणि कादंबरीकारापुढे कोणत्या अडचणी असतात, याची इतकी स्वच्छ चर्चा मराठीत थोडीच सापडेल. अकरावी-बारावीच्या मुलाला ती एका बैठकीत झेपत नाही, तीन-चार बैठका लागतात, लागू द्याव्यात.

शिवचरित्राची मागणी सर्वांत जास्त असते, आणि सिंदखेडराजा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात असल्याने जिजाऊंच्या माहेरापासून सुरुवात करणे सोपेही आहे. लहान पुस्तक हवे असेल तर गोविंद पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ एका दुपारी संपते आणि रयतेच्या बाजूने प्रश्न विचारायला शिकवते. सविस्तर आणि साधनांच्या आधारे लिहिलेले हवे असेल तर नागपूरच्या विजयराव देशमुखांचे ‘शककर्ते शिवराय’ आहे. ते मोठे असल्याने त्यातला एखादाच प्रसंग, समजा आग्ऱ्याहून सुटका, आधी वाचायला द्यावा. दोन्ही पुस्तकांची दृष्टी एक नाही, आणि म्हणूनच दोन्ही द्यावीत.

आता एक अवघड गोष्ट, जी गावात उघडपणे बोलली जात नाही. आपण नकळत पुस्तके वस्ती पाहून वाटतो. बौद्ध वस्तीतल्या मुलाला बाबासाहेबांचे चरित्र, कुणबी-मराठ्यांच्या मुलाला शिवाजी महाराजांचे, आदिवासी मुलाला शेडमाक्यांचे, आणि मुलगी असली की सावित्रीबाईंचे. असे करताना हेतू वाईट नसतो, पण ज्याला जे आधीच ठाऊक आहे तेच आपण त्याला पुन्हा देतो आणि शेजारच्या घराचा इतिहास त्याच्यापासून लांब ठेवतो. म्हणून पहिले पुस्तक मुलाच्या ओळखीचे असावे आणि दुसरे हटकून दुसऱ्या मोहल्ल्यातले. बाबासाहेबांच्या बाबतीत जाड चरित्राऐवजी त्यांनी स्वतः लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींचा मराठी अनुवाद द्यावा. पाने मोजकी आहेत, आणि पहिलीच आठवण 1901 मधली, साताऱ्याहून कोरेगावला वडिलांना भेटायला निघालेल्या लहान मुलांची आहे. मसूर स्टेशनावर उतरल्यावर त्यांची जात कळताच काय झाले, ते वाचणाऱ्या मुलाचे वय त्या मुलांहून फारसे मोठे नसते. ज्यांना पुढे वाचायचे आहे त्यांच्यासाठी धनंजय कीर यांचे चरित्र आहे, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा काय घडले हे तर घरातल्या ज्येष्ठांकडून ऐकून लिहून काढायला सांगावे.

या संदर्भात विदर्भातल्या दोन बायकांची नावे सुचवणाऱ्यांकडून फार वेळा राहून जातात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध 1882 चा. त्यातली मराठी तिखट आणि जुनी आहे, म्हणून सोळा वर्षांच्या पुढे, आणि शक्यतो चार-पाच मुला-मुलींनी मिळून मोठ्याने वाचावा. मुलगेही त्यात हवेत. दुसऱ्या कुमुद पावडे. दलित कुटुंबातल्या मुलीने संस्कृत शिकायचे ठरवल्यावर तिला काय ऐकून घ्यावे लागले आणि ती संस्कृतची प्राध्यापक कशी झाली, हे त्यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये सांगितले आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ मात्र सुचवणाऱ्याने आधी स्वतः वाचावे आणि मुलाची तयारी पाहून अकरावीनंतर द्यावे; त्यातले काही प्रसंग बोलून समजावून घ्यावे लागतात. गाडगेबाबांसाठी गो. नी. दांडेकरांचे चरित्र चांगले, कारण दांडेकर स्वतः परतवाड्याचे आणि बाबांच्या सहवासात राहिलेले. त्यांच्या ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये वऱ्हाडी बोली पानोपानी भेटते, आणि आपली घरची बोली छापील पुस्तकात पाहून मुले आधी हसतात व नंतर वाचतात.

इतिहासाचा कंटाळा असलेल्यांना इतिहास देऊ नये. जंगलाकाठच्या मुलांना मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ आणि व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’, भामरागडच्या बाजूला प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’, विज्ञानाकडे ओढा असलेल्याला जयंत नारळीकरांच्या कथा, आणि नुसती धमाल हवी असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. प्रकाश नारायण संतांचा लंपन संथ आहे, पण ज्याला तो भिडतो तो चारही पुस्तके मागून नेतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ नववीतल्या मुलांची आहे आणि आणीबाणीच्या काळात घडते, तेव्हा इतिहास मागच्या दाराने आत येतोच. ‘तोत्तोचान’ आणि अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी मराठीत मिळतात. ही दोन्ही पुस्तके लागोपाठ दिली तर दुसरे महायुद्ध जपानमधल्या एका मुलीच्या आणि अ‍ॅम्स्टरडॅममधल्या एका मुलीच्या नजरेतून कळते.

पुस्तक परत आले की ‘कसे वाटले?’ असे विचारून सोडू नये. लेखकाला हे कशावरून कळले, हे विचारावे. तो तिथे होता का, कागदपत्रे पाहिली का, की दुसऱ्या पुस्तकातून घेतले? हा फरक दाखवायला विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ उत्तम आहे. कोकणातल्या वरसईहून पैसे मिळवायला उत्तरेत गेलेला हा भटजी सत्तावनच्या धामधुमीत सापडला आणि झाशीला वेढा पडला तेव्हा शहरातच होता. पण त्याने ते लिहिले बऱ्याच वर्षांनी, आणि छापले गेले ते 1907 मध्ये. डोळ्यांनी पाहिलेले, आठवणीतून लिहिलेले आणि लोकांकडून ऐकलेले असे तिन्ही त्यात आहे. कोणता मजकूर कशात मोडतो हे मुलांना पेन्सिलने समासात खूण करून शोधायला लावावे, अर्थात पुस्तक स्वतःचे असेल तर. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऐतिहासिक संदेशांनाही हीच चाचणी लावायची सवय लागते, आणि जयंतीच्या भाषणासाठी माहिती मागायला आलेल्या मुलाला आयता मजकूर न देता एक पुस्तक आणि पानाचा आकडा द्यावा.

राहिला प्रश्न पुस्तके मिळवण्याचा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा आहे, आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासनाचे वार्षिक अनुदान मिळते. खेड्यातली वाचनालये बहुधा सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गात असतात, तरी त्यांना पुस्तके घ्यावीच लागतात. ती खरेदी होण्याआधी पाच-सहा पुस्तकांची लेखी मागणी, लेखक आणि प्रकाशकाच्या नावासह, सचिवाकडे द्यावी. मागणीच नसेल तर विक्रेता देईल ते गठ्ठे कपाटात जातात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके आणि मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट आहेत, पण मोबाइलवर दोनशे पाने वाचायला सांगू नये; त्यातली आवश्यक ती चार-पाच पाने छापून वहीत शिवून ठेवावीत. शाळेचे कपाट कुलूपबंद असेल तर मुख्याध्यापकांना भेटून आठवड्यातून एक दिवस, शक्यतो गावच्या बाजाराचा, ते उघडण्याची आणि नोंदवही नववीतल्या एखाद्या मुलीकडे सोपवण्याची परवानगी मागावी. त्या वहीत पुस्तकाच्या नावापुढे एक जास्तीचा रकाना ठेवावा, ज्यात वाचणाऱ्याने पुस्तक कोणत्या पानावर सोडले ते लिहायचे. पुढच्या मुलाला काय सुचवायचे आणि काय सुचवायचे नाही, हे त्या रकान्यावरून ठरवता येते.